धर्मबापाची फी

३ डिसेंबर

दवाखान्यातली सुईण म्हणाली, बाळंतपणानंतर बाईचं डोकं वर्षभर ठिकाणावर नसतं, लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. नवरा, आरिस्तोन, मालवाहू बोटीवर आहे. त्याला फोनवर काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, तेही मला आठवत नाही. लेक तीन आठवड्यांची. ती झोपते, तिच्याकडे बघता बघता मी झोपते. भरती आली की बांबूच्या पट्ट्यांखाली पाणी येतं आणि सगळं घर डुबुक डुबुक करायला लागतं. अशा वेळी जागी आहे की झोपेत, काही कळत नाही. मला ते आवडतं. याच आवाजात मी लहानाची मोठी झाले.

पण हे घर माझं राहील की नाही ते अजून ठरायचं आहे, हे लिहायला हवं. मला वाढवणाऱ्या म्हातारीने, नाना मेलिंगने, ते मला दिलं. मनिलाचा तिचा भाचा रुस्तिको म्हणतो, दिलं नाही. खालच्या कोर्टाने त्याचं ऐकलं. आता सेबूच्या वरच्या कोर्टात अपील. ॲटर्नी लाबास्तिदांनी नोंद करून टाकली, तेवढ्याचे पैसे मी दिले. "आता मुख्य काम लेखी मांडणीचं," ते म्हणाले. "ते गेलं नाही तर अपील वाचलंसुद्धा जात नाही. मोठं काम आहे, लुमिंग. बघू."

त्या 'बघू'चा अर्थ न कळण्याइतकी मी झोपेत नाही.

११ डिसेंबर

तिया पासिंग आली होती. आरिस्तोनची आत्या, शेजारीच राहते, सुकट विकते. तोंड तिचं सुकटीहून खारट. माझ्या बाळंतपणात मात्र ती एक दिवस हलली नाही.

"वकिलाला पैसे देत बसणार आहेस?" तिने विचारलं.

"मग काय देऊ?"

"पोरगी दे."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"अगं, धर्मबाप कर त्याला. पाद्रीबाबाने एकदा डोक्यावर पाणी घातलं की तू त्याची कुमारे आणि तो तुझा कुम्पारे. सख्ख्या भावाहून जवळचं नातं. कुम्पारेपाशी फी मागेल तो? गावात तोंड कुठे लपवेल?"

"आणि मीच दिली तर?"

"तू दिलीस तर त्याचा अपमान. तेव्हा तूही गप्प बसायचं."

मी हसले. पण ती गेल्यावर दुपारभर तेच डोक्यात घोळत राहिलं. ॲटर्नींची बायको वारली, मूलबाळ नाही. पोरीला बाप बोटीवरचा, निदान धर्मबाप तरी जमिनीवरचा मिळेल. माझा काही नुसता स्वार्थ नाही.

(आहे. पण नुसता नाही.)

२० जानेवारी

झालं. मारिया होनोरिया. ॲटर्नींचं नाव होनोरियो, त्यावरून. हीसुद्धा तियाचीच अक्कल. आम्ही नोरिंग म्हणणार. पाणी पडलं तेव्हा पोरगी रडली नाही, ॲटर्नी रडले. पांढऱ्या बारोंगच्या बाहीने डोळे पुसत होते. एवढा मोठा माणूस, कोर्टात उभा राहिला की समोरचे चळाचळा कापतात, आणि इथे तान्ह्या पोरीला धरायचं कसं ते त्याला येईना.

तियाने पोसलेला डुक्कर अख्खा भाजला होता. जेवणं झाल्यावर मी पदरी होते तेवढे पैसे पाकिटात घालून ॲटर्नींच्या पुढे केले. निदान टंकलेखनाचे तरी. त्यांनी माझा हात हळूच मागे सारला. "आज नको, कुमारे."

तियाने मला कोपराने ढोसलं. बघ, म्हणाले नव्हते मी? पाकीट मी परत ब्लाउजमध्ये ठेवलं. इतकं हलकं वाटलं की भांडी घासताना मी गात होते.

९ फेब्रुवारी

ॲटर्नींनी नोरिंगला पाळणा पाठवला. वेताचा, वर मच्छरदाणीसकट. त्यांच्या कचेरीतली बाई घेऊन आली. मी विचारलं, केसचं काही? ती म्हणाली, मला काय माहीत, मला पाळणा द्यायला सांगितलाय.

काम चाललेलं असणार. नाहीतर एवढा भारी पाळणा कोण पाठवतं?

२८ मार्च

आरिस्तोनचं काम वाढलं, आता पुढच्या वर्षीच येणार. मी फोनवर रडले नाही. नंतर वाळत घातलेल्या कपड्यांमागे जाऊन रडले.

कचेरीत जाऊन आले. औषधांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. सोबत नारळाच्या दुधातला गोड बिको नेला होता, भात चिकट छान जमला होता. कुम्पारेंनी नोरिंगला टेबलावर फायलींच्या मध्ये बसवलं. बाहेर बाकावर लोक ताटकळत होते आणि हा माणूस माझ्या पोरीला रबरी शिक्के खेळायला देत होता. मी दोनदा विषय काढायला गेले. पहिल्यांदा घसा साफ केला आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा म्हटलं, "सेबूचं काही..."

"हो, सेबूचं," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं, थांबले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत होतं. मी काय बोलणार? मग त्यांनी नोरिंगच्या हातावर 'मूळ प्रत' असा शिक्का मारला आणि आम्ही दोघं हसलो.

परत येताना जीपनीत डोळा लागला. स्वप्नात कोर्टातले सगळे न्यायाधीश आमच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून होते. मी त्यांना मासे वाढत होते. फार प्रेमळ होते सगळे.

१६ मे

गावची जत्रा. कुम्पारे आले, शिरक्यातल्या कच्च्या माशांचा किनिलाव दोनदा मागून घेतला, माडी घेतली, नोरिंगला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवली. बायका बघत होत्या. माझी मान ताठ.

जाताना पायरीवर ते म्हणाले, "कुमारे, खर्च फार वाढलेत हल्ली. कागद, प्रती, सेबूला जाणं-येणं."

"हो ना," मी म्हणाले. "तेलसुद्धा किती महाग झालंय."

ते जरा वेळ उभे राहिले. मग टोपी घालून गेले. किती साधा माणूस. इतकी वकिली करतो आणि माझ्याजवळ महागाईचं रडगाणं गातो, घरच्यासारखं.

७ जुलै

पाऊस, झोप, दूध, पाऊस. नोरिंग रांगते. बांबूच्या फटीतून खालचं पाणी तिला दिसतं, तासन् तास पालथी पडून बघत असते. मीही तिच्याशेजारी पालथी पडते. आज खालून एक छोटा मासा गेला आणि ती त्याच्याशी बोलली. खटला, रुस्तिको, सेबू, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटतं.

कुम्पारेंनी दुधाच्या पावडरीचे डबे पाठवले. सोबत निरोप काही नाही.

२० सप्टेंबर



दुपारी नोरिंगला पाजता पाजता डोळा लागला. स्वप्नात माणसं अंगणात फिरत होती. एकाच्या हातात लांब पांढरी फीत, दुसऱ्याच्या हातात लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या. फार हळू चालत होती आणि मला बरं वाटत होतं. जाग आली तरी माणसं तिथेच. नारळाखाली एक काठी रोवलेली, पायरीपाशी दुसरी. अर्धवट झोपेत मी त्यांना कॉफी केली. खरंच केली. साखर किती, असंही विचारलं.

त्यातला वयस्कर माणूस कप परत देताना म्हणाला, "बाई, तुम्ही कधी सोडताय घर?"

"मी कशाला सोडू? अपील चालू आहे."

त्याने दुसऱ्याकडे बघितलं. "अपील केव्हाच फेटाळलं ना? मांडणीच दिली नाही तुमच्याकडून. रुस्तिकोसाहेबांनी म्हणून तर मोजणी सांगितली."

मी काठ्या उपटून पाण्यात फेकल्या. त्यांनी काही म्हटलं नाही, फीत गुंडाळली आणि निघून गेले. त्यांचं ते गप्प जाणंच जास्त लागलं.

२१ सप्टेंबर

नोरिंगला तियाकडे ठेवून एकटी गेले. बाकावरच्या लोकांना ओलांडून सरळ आत.

"मांडणी दिली का नाही?"

कुम्पारे उठले, दार लावलं, परत बसले. खोटं बोलले नाहीत, एवढं म्हणते.

"नाही दिली, कुमारे."

"का?"

"तू पैशांचं काही बोललीच नाहीस."

"तुम्ही मागितलेच नाहीत. मी बाप्तिस्म्याच्या दिवशी पाकीट पुढे केलं, तुम्ही हात मागे सारला."

"मी म्हणालो, आज नको. पोरीच्या बाप्तिस्म्याला फी घेऊ का मी? मला वाटलं, दुसऱ्या दिवशी येशील."

दुसऱ्या दिवशी. मी भांडी घासताना गात होते तो दिवस.

"मग मागायची होती."

"कुमारेपाशी?" त्यांनी असं विचारलं जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. "जत्रेत सूचना दिली मी. तू तेलाचं बोललीस."

मला त्यांची मान धरावीशी वाटली. मानच, खरं लिहिते. "पाळणा पाठवलात. दूध पाठवलंत. त्या पैशांत सेबूला चार कागद गेले नसते?"

 खाली औषधवाल्याचा रेडिओ चालू होता.

"पाळणा माझ्या लेकीला दिला," ते म्हणाले. "काम... काम असं आहे, की पैसे देणाऱ्याची फाईल वर येते. रोज वर येते. तुझी खाली गेली, मग आणखी खाली. मला रोज वाटायचं, उद्या काढतो. मग मुदत गेली. मग तुला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, म्हणून दूध."

मला खूप बोलायचं होतं. पण त्यांच्या टेबलावर काचेखाली नोरिंगचा फोटो होता, माझ्याकडेही नाही असा. मी नुसती फाईल मागितली. त्यांनी ती काढून दिली. वरची धूळ हाताने पुसून दिली.

२९ सप्टेंबर

तागबिलारान शहरात एक नवीन वकीलबाई सापडली, ॲटर्नी दुमालागान. माझ्याहून लहान, केस कापलेले. मी बसायच्या आधीच म्हणाली, "माझी फी अशी अशी. अर्धी आज, अर्धी अर्ज दाखल करताना. जमेल का?"

मला रडू फुटलं. ती घाबरली, कमी करू का म्हणाली. मी म्हटलं, नको, अशीच सांगत जा.

फाईल वाचून ती म्हणाली, "वकिलाची चूक कोर्ट अशिलाचीच धरतं. पण चूक फारच घोर असेल तर कधीकधी दार उघडतं. तुम्हाला कळल्यापासून अर्जाला दोन महिने मिळतात. त्यात तुम्ही शपथेवर सांगायचं, या माणसाने काय केलं आणि काय केलं नाही. नाव घेऊन."

"त्यांचं काय होईल?"

"सनद जाऊ शकते. काही वर्षांपुरती, किंवा..." तिने खांदे उडवले. "सही नोटरीसमोर करायची. घाई नाही, पण उशीरही नको."

१७ ऑक्टोबर

सही केली नाही. शपथेचा कागद तांदळाच्या डब्यावर पडून आहे.

तियाशी कडाक्याचं भांडण. "पोरीच्या धर्मबापाविरुद्ध शपथ घेणार? देवासमोर जोडलेलं नातं आहे ते."

"देवासमोर जोडलं ते फी बुडवायला," मी म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत."

ती सुकटीची टोपली उचलून निघून गेली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, नोरिंगला आंघोळ घातली, माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

आरिस्तोन फोनवर म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. समुद्रावर बसून असं म्हणणं फार सोपं असतं.

मी कुम्पारेंवर चिडलेय का? हो. पण रात्रंदिवस नाही. मधेच आठवतं की मीही गोड बोलून, बिको खाऊ घालून एका माणसाला फुकट राबवायला निघाले होते. आम्ही दोघं भिडेपोटी गप्प बसलो. पण घर माझं जाणार आहे, त्यांचं नाही, हा फरक आहे. तो मी विसरणार नाही.

५ नोव्हेंबर

नाना मेलिंग स्वप्नात आली. पायरीवर बसून खराट्याने समुद्र झाडत होती, संथपणे, रोज अंगण झाडायची तसा. मी विचारलं, घर दिलंस ना मला? ती म्हणाली, बाजूला हो, पाय उचल. बस, एवढंच. उठले तेव्हा ओहोटी होती, घराखाली नुसता चिखल आणि खेकडे.

१२ नोव्हेंबर

नोरिंगचा पहिला वाढदिवस. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तिया, मी, नोरिंग, शेवया आणि एक केक. मुदत संपायला आठवडा राहिलाय. पोरीच्या वाढदिवसाआधी सही नको, असं मनाला सांगत दिवस ढकलत होते.

दुपारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी हत्ती. पायरीखाली उभे राहिले, वर आले नाहीत. "धर्मबापाने यायचं असतं," म्हणाले. "तू हाकललंस तर जाईन."

नोरिंगने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. आता मी काय हाकलणार? या म्हटलं.

शेवया वाढल्या.   मग माझ्याच्याने राहवेना. लपूनछपून सही करायची आणि याच माणसाला शेवया वाढायच्या, हे मला जमणार नव्हतं. उठले, तांदळाच्या डब्यावरून कागद आणला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"यावर मी सही करणार आहे," म्हटलं. "तुम्ही आधी वाचा."

तिया तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. नोरिंग त्यांच्या मांडीवर हत्तीचा कान चावत होती. ते शांतपणे वाचत होते, पान उलटून, पुन्हा पहिलं पान काढून. वर्षभरात माझा एखादा कागद ते असे वाचताना मी पहिल्यांदा बघत होते.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

माझं डोकं सणकलं. आता नाकारणार. आता म्हणणार मी असं केलंच नाही.

"फेटाळल्याचा आदेश मला सप्टेंबरात मिळाला, असं लिहिलंय. सप्टेंबर नाही. जूनमध्ये मिळाला. टपालवाल्याच्या पोचपावतीवर माझी सही आहे, ती मागवून घे." खिशातून पेन काढून त्यांनी समासात लिहिलं. "आणि इथे, मी दोनदा मुदत वाढवून घेतली होती, ते यात नाही. ते घाल. मुदत मागून घेऊनही काम केलं नाही, हे कोर्टाला फार वाईट दिसतं."

"तुम्हाला वाईट दिसेल ते," मी म्हणाले.

"तुला चांगलं. तुझ्या वकीलबाईला सांग, तारखा चुकल्या तर पहिल्याच दिवशी अर्ज परत येतो." आणखी दोन ठिकाणी त्यांनी शब्द बदलले. एके ठिकाणी 'विसरले' होतं, ते खोडून 'जाणूनबुजून केलं नाही' लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

तिया उठून केक कापायला गेली. तिला सुरी सापडत नव्हती, समोरच होती.

मी त्यांच्यासमोर बसून राहिले. घर राहील की जाईल, मला अजून माहीत नाही. दुमालागानबाई म्हणते, आशा धरा, पण फार नको. पण आज पहिल्यांदा माझ्या घरासाठी कुणीतरी समोर बसून काम केलं होतं, आणि ते त्यानेच केलं होतं.

"किती झाले, ॲटर्नी?" मी विचारलं.

त्यांनी चटकन वर बघितलं. कुम्पारे म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आधी मान हलवायला गेले. मी तशीच वाट बघत बसले. ते पाण्याकडे बघत राहिले, नोरिंगच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग बाजारात सांगतात तसं सरळ सांगितलं, "पाचशे पेसो."

मी आतून आणून दिले. त्यांनी ते शर्टाच्या खिशात घातले. मग स्वतःहूनच एक कोरा कागद मागितला आणि गुडघ्यावर धरून पावती लिहून दिली. माझं पूर्ण नाव, तारीख, रक्कम, आणि नावापुढे 'अशील'.

केक खाऊन ते गेले. सोमवारी पहिल्या जीपनीने जाऊन मी सही करणार आहे.